व्यक्तिछायाचित्रण, श्वेत पार्श्वभूमीवरील

व्यक्तीच्या मागे निव्वळ पांढरा पडदा, कागद वा भिंत ठेवून तिचे मुखचित्र, अर्धाकृती किंवा पूर्णाकृती चित्र घेण्याची छायाचित्रणातील एक पद्धती. पारपत्र, ओळखपत्र, परवाना, शालेय दाखला इत्यादींसाठी लागणारी छायाचित्रे, नियतकालिकांतील व जाहिरातींतील व्यक्तिचित्रे, तसेच कलाविषयक हेतूने घेतलेली काही महत्त्वाची व्यक्तिचित्रे या पद्धतीने घेण्यात येतात. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे स्थळ, काळ व परिसर यांचे सर्व निर्देश चित्रातून निघून जातात आणि पाहणाऱ्याचे लक्ष केवळ व्यक्तीवर केंद्रित होते. ही पद्धती दिसावयास सोपी असली, तरी तीत पार्श्वभूमी आणि व्यक्ती यांवरील प्रकाशाचे स्वतंत्र नियंत्रण करावे लागते. तसेच चित्र घेतल्यावर त्यात करावयाच्या दुरुस्त्यांची मर्यादाही ठरवावी लागते. या दुरुस्त्यांना संस्करण असे म्हणता येईल. व्यवसायात त्यास रिटचिंग म्हणतात.

इतिहास : छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा लागणाऱ्या दीर्घ उद्भासनामुळे (प्रकाश पडू देण्याच्या कालावधीमुळे) व्यक्तिचित्र घेणे कठीण होते. भिंगे व रासायनिक प्रक्रिया सुधारल्यावर व्यक्तिचित्रणाच्या व्यवसायाची झपाट्याने वाढ झाली. पॅरिसमधील आंद्रे आदोल्फ दिस्देरी (१८१९–८९) याने १८५४ मध्ये लहान आकाराच्या भेटपत्र-छायाचित्रांचे एकस्व (पेटंट) घेतले. या चित्रांत रंगविलेले पडदे, खांब, कठडे व गालिचे यांची रेलचेल असे. याउलट नादार (१८२०–१९१०) या फ्रेंच छायाचित्रकाराने साधी पार्श्वभूमी व एका बाजूने येणारा प्रकाश यांच्या साहाय्याने समकालीन लेखक व कलावंत यांची व्यक्तिचित्रे घेतली. याच काळात व्यक्तीचा चेहरा व खांदे मध्यभागी ठेवून कडा हळूहळू पांढऱ्या कागदात विरत जाणारी चित्रेही लोकप्रिय होती. त्यांसाठी मुद्रण करताना व्यस्त प्रत व सूर्यप्रकाश यांच्या मध्ये दातेरी कडांचे भोक पाडलेला पुठ्ठा धरीत. चेहऱ्याभोवती कोरा पांढरा अवकाश ठेवण्याची रूढी या चित्रांनी आधीच रुजविली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साध्या पार्श्वभूमीस प्रशासकीय महत्त्व प्राप्त झाले. पॅरिस पोलीस खात्यातील आल्फाँस बेर्तियाँ (१८५३–१९१४) याने आरोपींची समोरून व बाजूने घ्यावयाची चित्रे, कॅमेऱ्याचे अंतर व प्रकाशाची दिशा यांचे प्रमाणीकरण केले. दोन चित्रांची तुलना व्हावयाची, तर चेहऱ्याखेरीज अन्य सर्व घटक समान असले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व होते. आजच्या ओळखपत्र-छायाचित्राचे नियम याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

भारतात मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय केला. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी इंदूर व सिकंदराबाद येथील कार्यानंतर १८९६ मध्ये मुंबईत चित्रशाळा काढली. भारतीय चित्रशाळांत छायाचित्रावर जलरंग वा तैलरंग चढविण्याची प्रथा विशेष प्रचलित होती. अशा चित्रांत मूळ छायाचित्र कोठे संपते व चित्रकाराचा हात कोठे सुरू होतो, हे सांगणे अनेकदा अवघड असते.

विसाव्या शतकात अखंड कागदाच्या गुंडाळ्या, विद्युत् दीप व इलेक्ट्रॉनिक फ्लॅश उपलब्ध झाल्यावर संपूर्ण पांढरी पार्श्वभूमी सर्वत्र वापरात आली. तिचा कलात्मक उपयोग करणाऱ्यांत अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन (१९२३–२००४) याचे नाव प्रमुख आहे. टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयासाठी त्याने १९७९–८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, तेलविहिरींवरील मजूर, भटके, गुराखी इत्यादींची चित्रे घेतली. भिंतीवर वा वाहनाच्या कडेस पांढरा कागद लावून, कृत्रिम प्रकाश न वापरता, केवळ सावलीतील दिवसाच्या प्रकाशात मोठ्या कॅमेऱ्याने ही चित्रे घेतली गेली. १९८५ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. कोळशाची काजळी, घाम व सुरकुत्या यांचा प्रत्येक तपशील पांढऱ्या अवकाशावर ठळक उमटल्याने या चित्रांची प्रशंसा झाली. श्रमिकांना त्यांच्या परिसरापासून तोडून प्रदर्शनीय वस्तू बनविल्याची टीकाही त्यांच्यावर झाली.

पार्श्वभूमी : चित्रशाळेत सामान्यतः सुमारे २.७ मी. रुंदीची कागदाची गुंडाळी वापरतात. पूर्णाकृती चित्रासाठी हा कागद भिंतीवरून खाली आणून जमिनीवर पुढे पसरतात. भिंत व जमीन यांच्या सांध्यापाशी त्यास घडी न पाडता सौम्य वक्राकार देतात. त्यामुळे चित्रात आडवी रेषा दिसत नाही. कापडी पडदा स्वस्त व धुण्याजोगा असला, तरी त्याच्या चुण्या सावल्या पाडतात. पडदा चकचकीत नसावा. तसा असल्यास दिव्याची प्रतिमा त्यात उमटते.

पांढरी वस्तू चित्रात पांढरी दिसेलच असे नाही. पडद्यावर किती प्रकाश पडतो, यावर त्याची छटा अवलंबून असते. बिंदुवत् उद्‌गमापासून मिळणाऱ्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दिवा व्यक्तीपासून १ मी. आणि पडद्यापासून ३ मी. अंतरावर असेल, तर पडद्यास व्यक्तीच्या मानाने नवव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळतो. पांढरा कागद आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सु. ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो, असे धरल्यास या स्थितीत तो केवळ १० टक्के परावर्तन करणाऱ्या गडद करड्या पृष्ठासारखा दिसेल. हे अंतर ५ मी. केल्यास तो जवळजवळ काळा दिसू लागतो. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी तिच्यावर स्वतंत्र प्रकाश टाकणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमीवरील प्रकाश : यासाठी बहुधा दोन समान दिवे पडद्याच्या दोन्ही बाजूंस, पडद्याशी सु. ४५° कोन करून लावतात. प्रत्येक दिव्याचा रोख जवळच्या नव्हे, तर पलीकडच्या कडेकडे ठेवतात. त्यामुळे दोहोंचे प्रकाश परस्परांत मिसळून सर्वत्र सारखी दीप्ती मिळते. मध्य व चारही कोपरे यांतील फरक प्रकाशमापकाने तपासतात. दिवे व व्यक्ती यांच्या मध्ये काळे पुठ्ठे उभे करतात. तसे न केल्यास पडद्याचा प्रकाश थेट गाल व कान यांवर पडतो.

प्रकाश दुप्पट वा निमपट होण्याच्या टप्प्यास छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. पार्श्वभूमी निखळ पांढरी होण्यास तिच्यावरील प्रकाश व्यक्तीवरील मुख्य प्रकाशाहून अर्धा ते एक स्टॉप अधिक असला, तर तो सामान्यतः पुरतो. त्याहून बराच अधिक प्रकाश टाकल्यास दोन दोष उद्‌भवतात. पडद्यावरून परावर्तित झालेला प्रकाश व्यक्तीच्या कडांभोवती पसरून केस व खांद्यांची रेषा खाऊन टाकतो, तसेच तो भिंगात शिरून आतल्या आत विखुरतो व संपूर्ण चित्र धुरकट, निस्तेज होते. भिंगावर छत्रक बसविणे, पडद्याचा चौकटीबाहेरील भाग काळ्या कापडाने झाकणे व व्यक्तीस पडद्यापासून सु. २ ते ३ मी. पुढे उभी करणे, हे यावरील उपाय होत. या अंतरामुळे व्यक्तीची सावलीही पडद्यावर पडत नाही. जागा अपुरी असल्यास पडद्यावर किंचित कमी प्रकाश ठेवून उरलेली करडी झाक संस्करणात काढणे श्रेयस्कर असते.

व्यक्तीवरील प्रकाश : चेहऱ्याची घडण मुख्य दिव्याने ठरते. हा दिवा बहुधा डोळ्यांच्या पातळीहून वर व कॅमेऱ्याच्या एका बाजूस ठेवतात. प्रकाश मृदू असावा की कठोर, हे दिव्याच्या केवळ आकारावर नव्हे, तर व्यक्तीपासून त्याच्या अंतराच्या प्रमाणात त्याचा आकार किती, यावर अवलंबून असते. छत्री, कापडी पेटी किंवा पांढरी भिंत यांच्या योगे उद्‌गम मोठा केल्यास सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि त्वचेवरील खळगे व सुरकुत्या कमी जाणवतात. लहान वा दूरच्या दिव्याचा प्रकाश त्वचेचा पोत उठावदार करतो. या कारणाने संस्करणाचे बरेचसे काम दिव्याची जागा ठरवितानाच वाढते किंवा वाचते.

सावलीच्या बाजूस भर देण्यासाठी दुसरा मंद दिवा वा परावर्तक वापरतात. ओळखपत्राच्या चित्रात दोन्ही बाजूंस जवळजवळ समान प्रकाश ठेवतात. व्यक्तिवैशिष्ट्य दाखवावयाचे असल्यास उजळ व छायांकित बाजूंच्या दीप्तींचे गुणोत्तर २ : १ ते ४ : १ असे ठेवण्यात येते. चेहऱ्याची कॅमेऱ्यापासून दूरची बाजू उजळल्यास चेहरा निमुळता, तर जवळची बाजू उजळल्यास तो रुंद भासतो. चष्म्यावरील चकाकी टाळण्यासाठी दिवा अधिक वर नेतात किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलतात.

पांढरी वस्त्रे हा या पद्धतीतील एक विशेष प्रश्न आहे. धोतर, सदरा व टोपी घातलेला वृद्ध किंवा पांढऱ्या लुगड्यातील स्त्री यांची आकृती पांढऱ्या पडद्यात विरून जाते. अशा वेळी व्यक्तीच्या दोन्ही बाजूंस, चौकटीच्या लगत बाहेर, काळे फलक उभे करतात. ते कडांवर पोहोचणारा विखुरलेला प्रकाश अडवितात. त्यामुळे वस्त्रांच्या व केसांच्या कडेने एक बारीक करडी रेषा उमटते आणि आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी होते. पडदा अधिक उजळ करणे हा येथे उपाय नव्हे; त्याने दोष वाढतोच.

उद्भासन व त्वचेचा वर्ण : परावर्तित प्रकाश मोजणारा मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरतो. चौकटीचा मोठा भाग पांढरा असल्यास तो प्रकाश प्रमाणाबाहेर आहे असे समजून उद्भासन घटवितो. परिणामी पडदा करडा व चेहरा काळवंडलेला येतो. स्वयंचलित कॅमेऱ्यांतही ही चूक घडते व सावळ्या वर्णाच्या व्यक्तींना तिचा उपद्रव अधिक होतो. कारण त्यांच्या मुखावरील सूक्ष्म छटा आधीच छायांकित भागाच्या जवळ असतात. यावर उपाय म्हणजे व्यक्तीच्या चेहऱ्यापाशी मापक धरून तिच्यावर पडणारा प्रकाश मोजणे, किंवा चेहऱ्याजवळ धरलेल्या करड्या पत्रिकेवरून उद्भासन ठरविणे. असे केल्यास सावळा चेहरा व पांढरा पडदा हे दोन्ही एकाच चित्रात सर्व तपशिलांसह येऊ शकतात. [⟶ प्रकाशमापन].

वर्णाच्या यथार्थ दर्शनात छायाचित्रण-द्रव्येही आडवी येत. आरंभीची पायसे केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनशील होती. तांबूस व तपकिरी भाग, वांग व मुरुमांचे डाग त्यांवर वस्तुस्थितीहून गडद उमटत. हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल (१८३४–९८) या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये रंजकद्रव्यांच्या योगे पायसाची संवेदनक्षमता वाढविण्याची रीत शोधली. सर्व रंगांस संवेदनशील असणाऱ्या काचा १९०६ मध्ये विक्रीस आल्या. रंगीत छायाचित्रणाच्या काळात कोडॅक कंपनी मुद्रणशाळांना वर्णसमायोजनासाठी गौरवर्णीय स्त्रीचे चित्र असलेली प्रमाणपत्रिका पुरवीत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ती ओळखली जाई. तिच्यावरून यंत्रे जुळविल्याने कृष्णवर्णीय व सावळ्या व्यक्तींच्या त्वचेचे रंग व छटा बिघडत. विविध वर्णांच्या व्यक्ती असलेल्या पत्रिका १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आल्या. संगणकीय प्रतिमांच्या चाचणीसाठी गूगल कंपनीने २०२२ मध्ये दहा छटांची ‘मंक त्वचावर्ण श्रेणी’ प्रसिद्ध केली.

हस्तसंस्करण : म्यूनिकचा फ्रान्त्स हान्फश्टेंगल (१८०४–७७) याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात संस्कारित व्यस्त प्रत व तिच्यावरून काढलेल्या चित्रांचे प्रात्यक्षिक मांडले, असे सांगितले जाते. त्यानंतर संस्करण हा चित्रशाळेतील एक स्वतंत्र व्यवसायच झाला. संस्कारक उताराच्या मेजावर, खालून आरशाने प्रकाश टाकलेल्या घासलेल्या काचेवर व्यस्त प्रत ठेवी. पायसाच्या पृष्ठावर राळयुक्त द्रवाचा पातळ थर दिल्यावर त्यावर शिसपेन्सिल धरते. सुरकुती व्यस्त प्रतीत पारदर्शक रेषेसारखी दिसते. लांब टोक काढलेल्या कठीण पेन्सिलीने सूक्ष्म स्वल्पविरामासारखे फटकारे देऊन ती भरली, की मुद्रित प्रतीत ती फिकट होते. उलट, प्रतीवरील अतिघन भाग धारदार पात्याने हलकेच खरवडल्यास मुद्रणात तेथे गडदपणा येतो. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी करण्यासाठी व्यक्तीच्या कडेपर्यंत अपारदर्शक लाल वा तपकिरी रंग लावीत; त्यातून प्रकाश पार न गेल्याने कागद कोरा राही. केसांच्या बटांपाशी हे काम सर्वांत कठीण असे व निष्काळजीपणे केल्यास व्यक्ती कात्रीने कापल्यासारखी दिसे.

संस्करणास विरोधही तितकाच जुना आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन (१८१५–७९) या छायाचित्रकर्तीने आपल्या व्यक्तिचित्रांत संस्करण टाळले व प्रतींवरील ओरखडेदेखील राहू दिले.

संगणकीय संस्करण : ‘फोटोशॉप’ ही संगणक-प्रणाली १९९० मध्ये विक्रीस आल्यावर हस्तसंस्करणाची जागा क्रमशः संगणकाने घेतली. अंकीय प्रतिमेतील प्रत्येक बिंदूची दीप्ती सामान्यतः ० (काळा) ते २५५ (पांढरा) या अंकांनी दर्शवितात. पार्श्वभूमी २४० पर्यंत पोहोचली असल्यास तो अंक २५५ शी जुळविला, की ती निखळ पांढरी होते. परंतु हाच बदल सबंध चित्रास लावल्यास कपाळ व नाक यांवरील उजळ भागही तपशील गमावतात. म्हणून व्यक्तीवर आच्छादन तयार करून केवळ पार्श्वभूमी सुधारतात. केसांच्या बाबतीत गुणाकार-मिश्रणाची युक्ती उपयोगी पडते. तीत दोन चित्रथरांच्या दीप्तींचा, पांढऱ्याचे मूल्य १ मानून, गुणाकार करतात. पांढऱ्यावर घेतलेल्या चित्रातील पार्श्वभूमीचे मूल्य १ असल्याने ती नवीन थरात काहीच भर घालत नाही. केवळ काळे केस उमटतात. पांढऱ्या पडद्यावर घेतलेल्या चित्राची पार्श्वभूमी बदलणे सुलभ असते, ते यामुळेच.

त्वचेच्या संस्करणात पोत व रंगछटा यांचा वेगवेगळा विचार करतात. एखादा डाग काढताना भोवतालचा रंग घेऊन पोत मूळचाच ठेवल्यास दुरुस्ती लक्षात येत नाही. सर्व त्वचा एकसारखी धूसर केल्यास चेहरा मेणाचा वाटतो. जाणकार संस्कारक पुटकुळी, ओरखडा, घामाची चकाकी असे तात्पुरते दोष काढतात. तीळ, व्रण, वयाच्या रेषा ही कायमची लक्षणे व्यक्तीच्या संमतीविना काढीत नाहीत.

मर्यादा व नियमन : ओळखीसाठी घेतलेल्या चित्रात संस्करणास जवळजवळ स्थान नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या प्रवासपत्रविषयक मानकांनुसार चित्राची पार्श्वभूमी एकसारखी व फिकट, चेहरा सरळ, भाव तटस्थ आणि प्रकाश सावलीरहित असावा लागतो. भारतीय पारपत्रासाठी पांढरी पार्श्वभूमी विहित आहे. ब्रिटनमध्ये फिकट करडी वा मलईच्या रंगाची पार्श्वभूमी चालते. अमेरिकेच्या पारपत्रासाठी संगणक-प्रणालीने वा गाळण्यांनी बदललेले चित्र स्वीकारीत नाहीत. चेहऱ्याची ओळख यंत्राद्वारे पटविली जात असल्याने डोळ्यांतील अंतर, जबड्याची रेषा यांत केलेला अल्प फेरफारही दिशाभूल करू शकतो. दोन व्यक्तींचे चेहरे मिसळून एकच पारपत्र दोघांनी वापरण्याचा धोका तर अधिकच गंभीर आहे.

जाहिरातींतील संस्करणाबाबतही काही देशांनी कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बारीक वा जाड दाखविणाऱ्या व्यापारी चित्रावर ते संस्कारित असल्याचे नमूद करावे लागते. नॉर्वेत जुलै २०२२ पासून शरीराचा आकार, माप वा त्वचा यांत बदल केलेल्या जाहिरातींवर तशी खूण बंधनकारक आहे. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये त्वचा उजळविणाऱ्या उत्पादनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सावळ्या वर्णाच्या व्यक्ती अनाकर्षक, दुःखी वा अयशस्वी दाखवू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. तथापि विवाहासाठी दिली जाणारी छायाचित्रे व घरगुती चित्रे यांना असे नियम लागू नाहीत आणि मागणीनुसार वर्ण उजळून देण्याची चित्रशाळांतील प्रथा जुनीच आहे.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लहानशा ओळखपत्र-चित्रास महाराष्ट्रात व अन्यत्र आणखी एक उपयोग प्राप्त झाला आहे. एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर तिचे स्वतंत्र मोठे छायाचित्र उपलब्ध नसल्यास सेवापत्रिका, शिधापत्रिका वा परवाना यांवरील चित्र वर्धित करून घरात तसबीर लावतात. ३.५ × ४.५ सेंमी. आकाराच्या चित्रात जो तपशील मुळात नाही, तो वर्धनाने निर्माण होत नाही. अंधूक डोळे, पुसट ओठ व वस्त्रे संस्कारकास तर्काने भरावी लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली हेच काम इतर असंख्य चेहऱ्यांच्या नमुन्यांवरून करतात. त्यामुळे चित्र सुस्पष्ट झाले, तरी चेहरा दुसऱ्याचाच होण्याचा संभव असतो. अशा प्रसंगी मूळ चित्र जसेच्या तसे जतन करणे, संस्कारित प्रत त्याहून वेगळी ठेवणे आणि त्या व्यक्तीस पाहिलेल्या नातलगांकडून साम्य पडताळून घेणे आवश्यक असते.